वकीलबाई, चोर घरात शिरला तर?

मागच्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं, ‘घरात शिरलेल्या चोराला मारलं आणि तो मेला, तर आपल्यावर गुन्हा होतो का?’ जागा संपत आली होती, म्हणून मी ‘होतो आणि सुटकाही होते, सविस्तर पुन्हा’ एवढ्यावर भागवलं. वाचकांचं त्यावर भागलं नाही. आलेल्या पत्रांतली काही इथे घेते. नावं, गावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो. गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत आमचा बंगला आहे. घरात मी आणि पत्नी दोघंच. मुलगा नोकरीच्या गावी असतो, शनिवारी रात्री उशिरा घरी येतो. वडिलांच्या वेळची बारा बोअरची दुनळी माझ्या नावावर आहे, परवाना चालू आहे. मागच्याच गल्लीत दोन घरं फुटली. समजा, रात्री दोन वाजता खिडकीचे गज वाकवून कुणी आत आला, मी गोळी झाडली आणि तो मेला, तर मला जन्मठेप होईल का? अमेरिकेत म्हणे घरात पाऊल टाकलं की सरळ गोळी घालता येते. आपला कायदा चोराच्याच बाजूने का?

शेवटून सुरुवात करते. आपला कायदा चोराच्या बाजूने आहे, ही समजूत मी कोर्टाच्या आवारात चहा पिताना इतक्यांदा ऐकली आहे की आता वाद घालत नाही, सरळ कलम वाचून दाखवते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. स्वसंरक्षणाची जुनी कलमं ९६ ते १०६ होती, ती आता ३४ ते ४४ झाली आहेत. गाभा तोच आहे. कलम ४१ सांगतं, की मालमत्तेचा बचाव करताना समोरच्याचा जीव गेला तरी चार प्रसंगी तो गुन्हा ठरत नाही. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी झालेली घरफोडी, राहत्या घराला किंवा माल साठवण्याच्या जागेला आग लावणं किंवा स्फोटकाने उडवणं, आणि चोरी, नासधूस किंवा घरातली घुसखोरी अशा परिस्थितीत होत असेल, की आपण हात उचलला नाही तर मरण किंवा जबर दुखापत ओढवेल अशी रास्त भीती वाटावी. गज वाकवून रात्री दोनला आत आलेला इसम दुसऱ्या प्रसंगात चपखल बसतो.

मग माणसं अडकतात कुठे? कलम ३७ आणि ४३ मध्ये. ३७ म्हणतं, बचावाला लागेल तेवढीच इजा करा, आणि पोलिसांची मदत घ्यायला पुरेसा अवधी असेल तर हा हक्क नाही. ४३ सांगतं, हा हक्क सुरू कधी होतो आणि संपतो कधी. रात्रीच्या घरफोडीत, घरफोडीने सुरू झालेली ती घुसखोरी चालू आहे तोवर. तो बाहेर पडला, की हिशोब बदलला.

तुमचाच बंगला घेऊ. तो खिडकीतून आत उतरलाय, हातात कटावणी आहे, तुम्ही ओरडल्यावर थांबण्याऐवजी तुमच्या खोलीकडे येतो आहे, आणि तुम्ही गोळी झाडता. इथे तुमची बाजू भक्कम आहे. त्या क्षणी तुम्ही छातीऐवजी पायावर का नाही मारली, असं विचारणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयानेच उत्तर देऊन ठेवलंय. जिवावर बेतलेल्या माणसाने आपला बचाव सोनाराच्या काट्यावर तोलून करावा अशी अपेक्षा धरता येत नाही. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात या विषयाची सगळी सूत्रं एकत्र मांडली आहेत. कायदा पाळणाऱ्या नागरिकाने भेकडासारखं वागावं अशी कायद्याची इच्छा नाही, असंही त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

आता दुसरं चित्र. तुम्ही दिवा लावला, आरडाओरडा केला. तो टेबलावरचा मोबाइल उचलून आला त्या खिडकीतून बाहेर पडला, अंगण ओलांडून कुंपणावर चढला, आणि तुम्ही व्हरांड्यातून पाठीत गोळी घातली. माल घेऊन पळणाऱ्याकडून तो परत मिळवण्याचा हक्क तुम्हाला आहे. त्याला अडवा, पाडा. पण एका मोबाइलसाठी जीव घेण्याचा नाही. घुसखोरी संपली होती, तुमच्यावर चालून कुणी येत नव्हतं. इथे सरकारी वकील ‘खून’ म्हणेल. तुमचा वकील कलम १०१ मधल्या दुसऱ्या अपवादाचा आधार घेईल, म्हणजे हक्क होता, सद्भावनेने वापरला, गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा इरादा नव्हता, पण मर्यादा ओलांडली गेली. तो मानला गेला तर गुन्हा खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा होतो आणि शिक्षा कलम १०५ प्रमाणे लागते. ती काही हलकी नाही. जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते.

दोन्ही चित्रांत साक्षीदार तुम्ही आणि तुमची पत्नी. मग कोर्टाला कळणार कसं? मी दोन्ही बाजूंनी उभी राहिले आहे, म्हणून सांगते, असे खटले कलमांपेक्षा शवविच्छेदनाच्या अहवालावर फिरतात. त्या अहवालासोबत माणसाच्या देहाची छापील आकृती असते, पुढून आणि मागून. डॉक्टर तिच्यावर पेनाने जखमा खुणावतात. खुणा पुढच्या आकृतीवर आहेत की मागच्या, हे मी आधी बघते, बाकी कागद नंतर. बारा बोअरचं काडतूस तर फारच बोलकं. जखमेभोवती काजळी आणि कातडीत रुतलेले दारूचे कण असतील तर गोळी अगदी जवळून सुटली. छरे अंगभर विखुरले असतील तर लांबून. रिकामं काडतूस खोलीत सापडलं की व्हरांड्यात, रक्ताचा पहिला थेंब खिडकीच्या आत की बाहेर, हे घटनास्थळाच्या पंचनाम्यात येतं. तुम्ही काय सांगता ते या सगळ्याशी जुळलं पाहिजे.

अमेरिकेचं म्हणाल तर तिथे राज्याराज्यांत नियम वेगळे आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी घरमालकाला आपल्यापेक्षा मोकळीक आहे हे खरं. पण तिथेही मर्यादा आहे. मिनेसोटात २०१२ साली एका माणसाने स्वतःच्या तळघरात दबा धरून, घर फोडून आलेल्या दोन किशोरवयीन मुलांना मारलं. पहिली गोळी लागून ती पडल्यावरही त्याने गोळ्या झाडल्या. त्याच्याच ध्वनिमुद्रकावर सगळं टिपलं गेलं होतं. २०१४ मध्ये ज्यूरीने त्याला खुनासाठी दोषी धरलं आणि जन्मठेप झाली. मुलं चोरी करायलाच आली होती, यावर वाद नव्हताच.

तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यावर मी थबकले ते वेगळंच आहे. मुलगा शनिवारी रात्री उशिरा येतो. दक्षिण आफ्रिकेचा धावपटू ऑस्कर पिस्टोरियस याने २०१३ मध्ये स्वतःच्या घरातल्या शौचालयाच्या बंद दारातून चार गोळ्या झाडल्या. आत चोर आहे असं वाटलं, हा त्याचा बचाव. आत त्याची मैत्रीण होती. खालच्या कोर्टाने त्याला खुनापेक्षा हलक्या गुन्ह्यासाठी दोषी धरलं, अपील न्यायालयाने २०१५ मध्ये खुनासाठी, आणि २०१७ मध्ये शिक्षा वाढून १३ वर्षं ५ महिने झाली. दाराआड कोण आहे हे न बघता मारलेल्या गोळीचं समर्थन करणं तिथे अवघड गेलं, इथेही जाईल. आपल्याकडे वस्तुस्थितीबद्दल प्रामाणिक गैरसमज झाला तर कलम १७ चा आसरा आहे, पण तो गैरसमज पुरेशी काळजी घेऊनही झाला, असं दाखवावं लागतं. आधी दिवा लावा, हाक मारा, मुलाला यायच्या आधी फोन करायला सांगा. आणि ती दुनळी भरून उशाशी ठेवू नका. निवडणुका लागल्या की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागू शकते हे तुम्ही जाणताच. त्या दिवसांत तुमचं संरक्षण जे करील, ते मजबूत ग्रिल आणि बाहेरचा दिवा, आताच करून घ्या.

प्रश्न : ताई, सकाळी अकराच्या सुमारास ‘गॅस तपासायला आलोय’ म्हणत एक माणूस दारात आला. मी ओळखपत्र मागितलं तर त्याने दार ढकललं आणि माझा हात धरला. घरात मी आणि सात वर्षांची मुलगी. मी ओट्यावरची तिखटाची बरणी त्याच्या तोंडावर उपडी केली आणि वरवंटा उचलून त्याच्या खांद्यावर हाणला. तो पळाला. सासूबाई म्हणतात, डोक्यात बसला असता तर तू तुरुंगात गेली असतीस, कारण दिवसा मारायचा हक्क नसतो. कायदा दिवसा झोपतो का?

सासूबाईंनी कुठेतरी अर्धं ऐकलंय. दिवस-रात्रीचा भेद कलम ४१ मध्ये, म्हणजे मालमत्तेच्या बचावात आहे, आणि तोही घरफोडीपुरता. तुम्ही मालमत्ता वाचवत नव्हता. तुम्ही स्वतःला आणि मुलीला वाचवत होता. त्याचं कलम ३८ आणि त्यात घड्याळाचा उल्लेख नाही. मरणाची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती वाटेल असा हल्ला, बलात्काराच्या किंवा अनैसर्गिक संभोगाच्या हेतूने केलेला हल्ला, पळवून नेण्यासाठी केलेला, पोलिसांपर्यंत पोचता येणार नाही अशा रीतीने डांबून ठेवण्यासाठी केलेला, आणि ॲसिड फेकणं किंवा तसा प्रयत्न. यातलं काहीही असेल तर बचाव करताना हल्लेखोर मेला तरी तो गुन्हा नाही. दार ढकलून आत आलेला आणि हात धरणारा अनोळखी पुरुष पुढे काय करणार होता, हे ओळखायला तुम्ही थांबायला हवं होतं असं कुठलंही कोर्ट म्हणणार नाही. भीती रास्त असावी लागते, खरी ठरावीच लागते असं नाही.

त्याच्या डोक्यात बसला असता तरी मी तुमचं वकीलपत्र निर्धास्त घेतलं असतं. मात्र तो डोळे चोळत जिन्यात बसलाय आणि तुम्ही मागे जाऊन पुन्हा वरवंटा घातला, तर मी निर्धास्त नसते.

तुमच्या पत्रात एक गोष्ट राहिली आहे. फिर्याद दिली का? तो पळाला म्हणून प्रकरण मिटलं असं समजू नका. घटना दुसऱ्या हद्दीतली आहे म्हणत तुम्हाला परत पाठवता येत नाही, कुठल्याही ठाण्यात माहिती घेऊन शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवावा लागतो. हाताला वळ असतील तर सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. असे लोक पुढे उलट तक्रार करतात, ‘पैशावरून भांडण झालं, बाईने मारलं’ म्हणून. तेव्हा तुमचा कागद आधीच्या तारखेचा असलेला बरा.

प्रश्न : फाटकावर ‘विनापरवानगी आत आल्यास गोळी घालण्यात येईल’ अशी पाटी लावली तर कायद्याचं संरक्षण मिळतं का?

नाही. उलट, दुर्दैवाने काही घडलंच, तर तपासी अंमलदार त्या पाटीचा फोटो आरोपपत्राला जोडेल आणि सरकारी वकील म्हणेल, आरोपीने आधीच ठरवलं होतं. ‘कुत्र्यापासून सावध’ लावा.

प्रश्न : आमची डाळिंबाची बाग आहे. माल तयार झाला की रात्रीतून क्रेट भरून नेतात. मोटारीची केबल दोनदा कापून नेली. पोलिसांत तक्रार केली, कागद मिळाला, माल नाही. शेजारच्यांनी सुचवलं, रात्री कुंपणाच्या तारेत करंट सोडायचा आणि पहाटे बंद करायचा. आपल्याच रानात, आपल्याच कुंपणाला लावला तर कुणाच्या बापाचं काय जातं?

तुमचा राग कळतो. वर्षभर औषधं-खतं घालायची आणि तोडणीच्या आदल्या रात्री बाग रिकामी, हे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसांची वकीलपत्रं मी घेतली आहेत. पण या प्रश्नाला ‘पण’ नाही. करंट सोडू नका.

असाच एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे, चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य, १९६३ चा निकाल. शेजारच्या घरच्या संडासाची भिंत पडली म्हणून तिथली माणसं आरोपीचा संडास वापरू लागली. त्याने बजावूनही ऐकेनात. त्याने संडासाच्या वाटेवर उघडी तार ओढून तीत वीज सोडली. शेजारची बाई तिथे गेली, तिचा हात तारेला लागला आणि ती मेली. आरोपीचं म्हणणं तुमच्यासारखंच होतं, माझी जागा, आत येणारा घुसखोर. कोर्टाने सांगितलं, घुसखोर झाला म्हणून तो कायद्याबाहेरचा होत नाही, आणि जागामालकाला जीवघेणा सापळा लावता येत नाही. स्वसंरक्षणाचा बचाव साफ फेटाळला आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याची शिक्षा कायम केली. त्या गुन्ह्याला तेव्हा दोन वर्षांपर्यंत कैद होती. आता कलम १०६ मध्ये ती पाच वर्षांपर्यंत आहे. आणि तार मरणासाठीच लावली होती असं पुराव्यात दिसलं, तर सदोष मनुष्यवधाचं कलमही लागू शकतं.

यामागचं कारण समजून घ्या. स्वसंरक्षण म्हणजे समोरच्या धोक्याला त्या वेळी दिलेलं उत्तर. तुम्ही घरी झोपलेले असता तेव्हा तार कुणालाही उत्तर देते. चोराला, बांधावरून जाणाऱ्या पोराला, रात्री पाणी द्यायला उठलेल्या तुमच्याच गड्याला, दावं तोडून आलेल्या शेजाऱ्याच्या गाईला. आणि खांबावर आकडा टाकून वीज घेतली असेल तर वीजचोरीचा गुन्हा वेगळा.

बाजारात झटका मशीन मिळतं, ते याहून वेगळं आहे. त्यात तारेतून सलग वीज वाहत नाही. क्षणभराचा, मर्यादित ऊर्जेचा ठोका ठरावीक अंतराने बसतो, त्याने हात झटकला जातो. घरातली २३० व्होल्टची लाइन थेट तारेला जोडली की वीज सलग वाहते, स्नायू आखडतात आणि माणसाला पकडलेली तार सोडता येत नाही. मशीन प्रमाणित घ्या, स्वतः जोडाजोड करू नका, दिसेल अशी धोक्याची पाटी लावा. केबलसाठी कॅमेरा आणि मोटारीचं मोबाइलवर सूचना देणारं स्टार्टर याचा खर्च एका खटल्याच्या खर्चापेक्षा नक्कीच कमी येईल.

प्रश्न : काकू, मी कॉलेजात शिकतो. आमच्या गावात चोरांची अफवा आहे, रात्री आम्ही पोरं काठ्या घेऊन गस्त घालतो. परवा एक अनोळखी माणूस सापडला. सगळ्यांनी त्याला देवळापुढच्या खांबाला बांधलं, मारहाण झाली. सकाळी पोलीस घेऊन गेले. तो चोर होता की नाही कळलं नाही. मी मारलं नाही, फक्त दोर आणला आणि व्हिडिओ काढला. माझ्यावर काही येईल का?

बाबा, येऊ शकतं. दोर आणणं म्हणजे ‘फक्त’ नव्हे. अनेकांनी समान इराद्याने केलेल्या कृत्याची जबाबदारी प्रत्येकावर येते, आणि पाचजण किंवा अधिक मिळून गुन्हा करायला जमले की तो बेकायदा जमाव ठरतो. मारणारा एक असला तरी जमावातल्या बाकीच्यांना हात झटकता येत नाहीत. तू काढलेला व्हिडिओ पोलिसांच्या दृष्टीने उत्तम पुरावा आहे. त्यात कोण दिसतं यापेक्षा तो काढणारा तिथे होता, हे आधी सिद्ध होतं. तो आता पुसून टाकू नकोस, पुरावा नष्ट करण्याचा आणखी एक गुन्हा होईल.

स्वसंरक्षणाचा मुद्दा इथे उरतच नाही. माणूस बांधला गेला त्या क्षणी त्याच्यापासूनचा धोका संपला. मग तो अट्टल चोर का असेना. नागरिकाला गुन्हेगार पकडण्याचा अधिकार आहे, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये. पण तुमच्या डोळ्यांदेखत अजामीनपात्र दखलपात्र गुन्हा केलेला किंवा फरार घोषित झालेला असेल त्यालाच. आणि त्याला विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. ‘अनोळखी आहे’ हा काही गुन्हा नाही.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला काय झालं ते तू लहान असताना घडलं असेल. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. आठवडी बाजारात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे एप्रिल २०२० मध्ये चोर समजून दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक मारला गेला. दोन्ही ठिकाणी मेलेल्यांपैकी कुणीही चोर नव्हता. दोन्ही गावांतली माणसं मग घरं सोडून रानोमाळ झाली, धरपकड झाली, आणि ज्यांचे कर्ते पुरुष आत गेले त्या बायकांनी तारखांना कसं जायचं, एसटीचं भाडं कुठून आणायचं, हे प्रश्न कुणी विचारत नाही.

गस्त घालायची तर पोलीस ठाण्यात ग्रामसुरक्षा दलाची रीतसर नोंद करा, टॉर्च आणि शिट्ट्या घ्या, कुणी दिसला तर ११२ ला फोन. आणि तू आधी तुझ्या वडिलांना सगळं सांग, मग त्यांना घेऊन एखाद्या वकिलाकडे जा. पोलिसांनी बोलावण्याची वाट बघू नकोस.

प्रश्न : माझ्या भावाच्या घरात रात्री चोर शिरला. झटापटीत भावाने पहार मारली आणि तो जागीच गेला. भाऊ घाबरला. वहिनीने फरशी पुसली. भावाने पोलिसांना सांगितलं की चोर गच्चीवरून पडला. आता शवविच्छेदनात डोक्याची जखम पडण्याने झालेली नाही असं आलं आणि भावाला अटक झाली, खुनाच्या कलम १०३ खाली. वकील म्हणतात, आता स्वसंरक्षणाचा मुद्दा घेता येणार नाही. खरं आहे का?

तुमच्या भावाने जे केलं ते कदाचित गुन्हा नव्हताच. जे सांगितलं त्याने तो आता अडचणीत आला आहे. माझ्याकडे येणाऱ्या अशा प्रकरणांत हे इतकं नेहमीचं आहे की मला आता नवल वाटत नाही, फक्त चीड येते. ‘मारलं म्हटलं तर अडकू’ या भीतीने माणूस पडल्याची गोष्ट रचतो, आणि मग खरी गोष्ट सांगायला जागा ठेवत नाही.

तरी वकील म्हणतात तितकं काम बिघडलेलं नाही. मुन्शी राम विरुद्ध दिल्ली प्रशासन या १९६७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे, की आरोपीने स्वसंरक्षणाचा मुद्दा घेतला नसला तरी पुराव्यातून तो दिसत असेल तर कोर्टाने विचारात घ्यावा. शाबितीचा भार साक्ष अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे आरोपीवर आहे, पण सरकार पक्षासारखा संशयापलीकडचा नाही. ‘असंच घडलं असण्याची शक्यता जास्त’ इथवर आणलं तरी पुरतं. आणि हे साध्य करायला भावाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहायलाच हवं असंही नाही. सरकारी साक्षीदारांच्या उलटतपासणीतून निघू शकतं. खिडकी कशी तुटली होती, कडी आतून की बाहेरून, चोराच्या हातात काय सापडलं, भावाच्या अंगावर जखमा होत्या का.

म्हणून ही जखमांची गोष्ट आज धरा. अटकेच्या वेळी झालेल्या वैद्यकीय तपासणीचा कागद मागा. झटापट झाली म्हणता, तर हातावर, मानेवर ओरखडे, चावे, काहीतरी असणारच. त्यात नोंद नसेल तर दंडाधिकाऱ्यापुढे पुढच्या वेळी नेतील तेव्हा वकिलामार्फत पुन्हा तपासणीचा अर्ज द्या. उशीर झाला की खुणा जातात. चोराचे साथीदार असतील तर घरफोडीचा वेगळा गुन्हा नोंदवला गेलाय का पाहा. नसेल तर वहिनीने फिर्याद द्यावी. फरशी पुसल्याबद्दल त्यांच्यावर पुरावा नष्ट केल्याचं कलम २३८ येऊ शकतं, तेव्हा त्यांनी आधी वकिलाशी बोलून, जे घडलं तेच सांगावं. दुसरी गोष्ट रचू नये. पहार पोलिसांनी जप्त केली नसेल तर ती धुऊन वगैरे ठेवू नका, जशी आहे तशी वकिलामार्फत हजर करा.

भावाने कोठडीत पोलिसांपुढे ‘मी मारला’ असं कबूल केलं असेल तरी ती कबुली साक्ष अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे त्याच्याविरुद्ध पुरावा होत नाही. पण ‘गच्चीवरून पडला’ हे खोटं त्याच्या वागण्याचा भाग म्हणून सरकारी वकील पुढे आणेल. त्याला उत्तर एकच, घाबरलेला माणूस. ते उत्तर कोर्टाला पटतं, पण बाकीचा पुरावा जुळत असेल तरच. खटल्याच्या अखेरीस न्यायाधीश आरोपीला प्रत्येक मुद्द्यावर विचारतात, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५१. तिथे ‘खोटं आहे, मला माहीत नाही’ अशी साचेबंद उत्तरं देण्याची आमच्या व्यवसायातली वाईट खोड आहे. तुमच्या भावाने तिथे त्या रात्रीची हकीकत सांगावी, हवं तर लेखी द्यावी. अशा खटल्यात मी माझ्या पक्षकाराला तेच सांगते.

जामिनासाठी सत्र न्यायालयात अर्ज करा. मृत इसम रात्री घर फोडून आत शिरला होता, आरोपीची पूर्वीची गुन्हेगारी नाही, घर-दार इथेच आहे, हे मुद्दे वजनदार आहेत. अटकेनंतर दंडाधिकाऱ्याने पहिल्यांदा कोठडी दिली त्या दिवसापासून नव्वद दिवसांत आरोपपत्र आलं नाही तर जामीन हक्काने मिळतो, ती तारीख आताच वहीत लिहून ठेवा. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्नाची अट लागत नाही. अर्ज तुरुंगातूनही देता येतो, तुरुंग अधीक्षक तो पुढे पाठवतात.